दहा मायक्रॉनचा छेद

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर सर्वांत जास्त बाटल्या येतात त्या संध्याकाळी सहा ते आठ या वेळात. दिवसभरातली ऑपरेशने उरकलेली असतात, गारगोटी, चंदगड, आजरा या बाजूच्या एस.टी. गाड्या स्थानकात लागलेल्या असतात आणि रुग्णाचा मुलगा, भाऊ किंवा जावई पिशवीतून एक बाटली काढून दोन्ही हातांनी जपून काचेवर ठेवतो. बाटलीत फॉर्मॅलिन असते आणि फॉर्मॅलिनमध्ये माणसाच्या शरीराचा एक तुकडा. कधी ती अख्खी गाठ असते, कधी तांदळाच्या दाण्याएवढा कण. सोबत एक फॉर्म असतो. त्यावर रुग्णाचे नाव, वय आणि तुकडा कुठून काढला एवढे बहुधा लिहिलेले असते. काय त्रास होतो, किती दिवसांपासून होतो आणि डॉक्टरांच्या मनात कोणती शंका आहे, हा रकाना बहुतेक वेळा रिकामा असतो. गेली सव्वीस वर्षे मी या बाटल्या उघडते आहे. बाटलीइतकेच महत्त्व त्या रिकाम्या रकान्याला असते, हे मला नीट कळायला त्यातली अठरा वर्षे जावी लागली, आणि ते कळले ते इचलकरंजीच्या एका रंगकामगारामुळे. त्यांच्या कुटुंबाच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलून मी ही हकीकत लिहीत आहे.

तुकडा तपासतात म्हणजे नेमके काय करतात, असे नातेवाईक पुष्कळदा विचारतात आणि तो विचारण्यासारखाच प्रश्न आहे. शरीराबाहेर आलेली पेशी लगेच कुजू लागते. १८९३ साली फर्डिनांड ब्लूम यांनी फॉर्मॅलिनचा उपयोग दाखवून दिल्यापासून जगभर तुकडे त्यातच टिकवले जातात. द्रावण तुकड्याच्या निदान दहापट हवे आणि बाटलीचे तोंड रुंद हवे, कारण मऊ असताना अरुंद तोंडातून आत ढकललेली गाठ फॉर्मॅलिनमध्ये कडक होते आणि मग बाटली फोडल्याशिवाय बाहेर येत नाही. असे महिन्यातून एकदा तरी होतेच. पुढे अल्कोहोलने तुकड्यातले पाणी काढायचे, झायलीनने अल्कोहोल काढायचे, वितळलेले मेण आत मुरवायचे आणि मेणाची वडी तयार करायची. तिला आम्ही ब्लॉक म्हणतो. मायक्रोटोमचे चाक फिरवले की ब्लॉकचे पातळ छेद सुटतात. नेहमीचा छेद तीन ते पाच मायक्रॉनचा असतो आणि मूत्रपिंडाचा त्याहूनही पातळ, दोन-तीन मायक्रॉनचा. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तो छेद कोमट पाण्यावर सुरकुती पडू न देता तरंगवायचा आणि काचेवर उचलून घ्यायचा, हे काम आमचे ज्येष्ठ टेक्निशियन करतात. लॅबमध्ये त्यांना सगळे मामा म्हणतात. त्यांचा श्वाससुद्धा त्या वेळी हळू चालतो.

काही दुर्मीळ आजार तुकड्यात आपणहून बोलतात. पाय वर्षानुवर्षे सुजलेला, त्याला भोके पडून त्यांतून रव्यासारखे कण गळणारा शेतकरी आमच्याकडे येतो, तेव्हा साधा छेदसुद्धा पुरतो. या रोगाला मदुरा फूट म्हणतात, कारण १८४२ साली जॉन गिल यांनी त्याचे वर्णन केले ते मदुराईला. पुढे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी त्याला मायसेटोमा हे नाव दिले. हे कार्टर नंतर आपल्या साताऱ्यातही सिव्हिल सर्जन होते. सूक्ष्मदर्शकाखाली पुवाच्या मधोमध तो कण दिसतो आणि त्याचे धागे जाड, बुरशीचे आहेत की अगदी बारीक, जिवाणूंचे आहेत, हे ग्रॅम आणि पी.ए.एस. या रंगांनी कळते. बुरशी असली तर औषधे वेगळी आणि पुष्कळदा शस्त्रक्रियाही लागते. जिवाणू असले तर योग्य अँटिबायोटिक काही महिने देऊन पाय वाचू शकतो. एवढा मोठा निर्णय त्या दोन काचांवर होतो, पण तपासणाऱ्याला त्यात फारसे चुकण्याजोगे काही नसते, कारण कण डोळ्यांसमोर असतो.

अमायलॉइडचे तसे नाही. आपल्या शरीरातले काही विशिष्ट प्रथिनांचे रेणू चुकीची घडी पडल्यामुळे एकमेकांना चिकटतात, त्यांचे न विरघळणारे सूक्ष्म तंतू बनतात आणि ते तंतू मूत्रपिंड, हृदय, नसा, जीभ, आतडे अशा ठिकाणी साचत जातात. या साचण्याला अमायलॉइडोसिस म्हणतात. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगातल्या छेदात ते केवळ फिकट गुलाबी, एकसारखे, कोणतीही रचना नसलेले दिसते, आणि फिकट गुलाबी दिसणाऱ्या गोष्टी मानवी शरीरात पुष्कळ असतात. व्रण भरल्यावरचे तंतू तसेच दिसतात, मधुमेहाने जाड झालेले मूत्रपिंडाचे पडदेही तसेच दिसतात. विचारल्याशिवाय अमायलॉइड सांगत नाही, आणि विचारायचे असेल तर काँगो रेड हा वेगळा रंग लावावा लागतो.

इचलकरंजीच्या त्या कामगाराचा तुकडा आला तेव्हा फॉर्मवर इंग्रजीत तीन गोष्टी लिहिल्या होत्या: वय चोपन्न, साखर वाढलेली, लघवीतून प्रथिने जातात. मूत्रपिंडातून सुईने काढलेला दोन सेंटिमीटरचाही नसलेला धागा होता. अशा बायोप्सीचे भाग करावे लागतात. एक फॉर्मॅलिनमध्ये नेहमीच्या तपासणीसाठी आणि एक इम्युनोफ्लुरोसन्ससाठी, म्हणजे चमकणाऱ्या प्रतिपिंडांनी प्रथिने ओळखण्याच्या तपासणीसाठी, वेगळ्या द्रावणात, कारण फॉर्मॅलिन लागले की त्या तपासणीची पंचाईत होते. हा दुसरा भाग आम्ही बाहेरगावी पाठवला आणि त्यात गाळणीचा भाग, म्हणजे ग्लोमेरुलस, एकही नाही असा निरोप आला. सुई एखाद्या मिलिमीटरने खोल गेली की असे होते, त्यात कोणाचा दोष नसतो. माझ्याकडच्या भागात नऊ ग्लोमेरुलस होते. त्यांच्या मधल्या भागात फिकट गुलाबी साठा होता, फार नाही, थोडासा. साखर वाढलेली आहे असे फॉर्म सांगत होता, त्यामुळे मी मधुमेहाच्या नजरेने पाहिले आणि मला मधुमेह दिसला.

एक गोष्ट मात्र मला त्याच वेळी खटकली होती. मधुमेहात तो साठा पी.ए.एस. रंगाने चांगला गडद होतो. इथे तो फिकटच राहिला होता. मी तशी नोंदही केली. मग नियमाप्रमाणे काँगो रेड लावायला सांगितले. सोबत कंट्रोल म्हणून ज्यात अमायलॉइड आहे हे ठाऊक असलेला जुना छेद होता आणि तो ध्रुवीकृत, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या, प्रकाशात लख्ख हिरवा चमकला. रुग्णाचा छेद चमकला नाही. कंट्रोल ठीक आला म्हणजे रंग ठीक होता, असा मी निष्कर्ष काढला आणि अमायलॉइड नाही, मधुमेहाचे बदल असावेत, लक्षणांशी ताडून पाहावे, असा रिपोर्ट सही करून दिला. कंट्रोलचा छेद जाड होता आणि रुग्णाचा छेद नेहमीप्रमाणे तीन मायक्रॉनचा होता, हे माझ्या ध्यानात आले नाही. काँगो रेडसाठी छेद आठ ते दहा मायक्रॉनचा हवा, हे मी विद्यार्थिदशेत पाठ केले होते आणि कनिष्ठांना शिकवलेही होते. अमायलॉइड थोडे असेल तर पातळ छेदात त्याचा रंग डोळ्याला जाणवण्याइतका भरतच नाही.

एकोणीस दिवसांनी त्यांच्या पत्नी ब्लॉक आणि स्लाइड परत मागायला आल्या. दुसरीकडे दाखवायचे आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. पावती शोधेपर्यंत त्या काउंटरसमोरच्या बाकावर बसल्या होत्या आणि मी बाहेर आले होते म्हणून सहज विचारले, की आता पेशंटची तब्येत कशी आहे. त्या म्हणाल्या, "सूज तशीच हाय मॅडम, पण बी.पी. तेवढं बरं झालं. आठ वर्सं गोळी खात हुते, आता गोळी बिन घेताच खाली येतंय. उठलं की चक्कर येती, म्हणून डॉक्टरांनी गोळी बंदच केली."

मूत्रपिंड बिघडले की रक्तदाब सहसा वाढतो. आठ वर्षांचा वाढलेला रक्तदाब आपोआप उतरणे, ही बरी खूण नव्हती. मी त्यांच्याशेजारी बसले आणि जे त्या रिकाम्या रकान्यात असायला हवे होते ते एकेक करून विचारू लागले. हातांच्या बोटांना मुंग्या येतात, रात्री जास्त येतात. भाकरी चावताना जीभ दाताखाली सापडते, जिभेच्या कडेला दातांचे वण उठले आहेत. खोकल्याची उबळ आली की डोळ्यांभोवती काळेनिळे होते. शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटले, घरात मारामारी झाली. हे सांगताना त्यांचा आवाज प्रथमच कापरा झाला. यातल्या एकेका तक्रारीसाठी ते वेगवेगळ्या डॉक्टरांकडे गेले होते. मुंग्यांसाठी व्हिटॅमिनच्या गोळ्या मिळाल्या होत्या, जिभेसाठी दातांच्या कडा घासून दिल्या होत्या. सगळ्या तक्रारी एका कागदावर कोणीच लिहिल्या नव्हत्या, आणि मीही त्या मागितल्या नव्हत्या.

पेशंट खाली रिक्षात बसले होते. मी जिना उतरून गेले. त्यांच्या पापण्यांवर जांभळे डाग होते आणि ते बोलू लागले तेव्हा जीभ तोंडात मावत नसल्यासारखे शब्द जड येत होते. डोळ्यांभोवतीचे ते डाग आणि ती जीभ, या दोन खुणा एकत्र असल्या की बहुतेक अमायलॉइडखेरीज दुसरे नाव मनात येतच नाही. मी त्यांना सांगितले की ब्लॉक आज देत नाही, उद्या दुपारपर्यंत थांबा, मला तो पुन्हा कापायचा आहे आणि माझा आधीचा रिपोर्ट चुकला असण्याची शक्यता आहे. हे वाक्य रस्त्यावर, रिक्षाच्या दारात उभे राहून म्हणताना मला जे वाटले ते मी अजून विसरलेले नाही.

मामांनी त्याच संध्याकाळी ब्लॉक थंड केला आणि दहा मायक्रॉनचे चार छेद घेतले. ब्लॉकमध्ये फार काही उरले नव्हते, त्यामुळे एकही छेद वाया घालवणे शक्य नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीतले दिवे बंद केले, सूक्ष्मदर्शकाला दोन्ही पोलरायझर, म्हणजे प्रकाश ध्रुवीकृत करणाऱ्या चकत्या, लावले आणि वरचा हळूहळू फिरवला. क्षेत्र काळे होत गेले. मग त्या काळोखात, ग्लोमेरुलसच्या मधोमध आणि शेजारच्या छोट्या रोहिणीच्या भिंतीत, कच्च्या सफरचंदाच्या सालीसारखा हिरवा रंग उजळला. पोलरायझर फिरवला की तो पिवळा होई आणि पुन्हा हिरवा होई. धुळीचा कणही असा चमकतो, म्हणून मी चारही स्लाइडवर तीच जागा पडताळून पाहिली. शंका उरली नाही.

ज्या रंगाने हे दाखवले त्याचा इतिहास मला त्या दिवसापासून फार जवळचा वाटतो. काँगो रेड हा मुळात कापडाचा रंग. १८८३ साली जर्मनीत पॉल बॉटिगर या तरुण रसायनतज्ज्ञाने तो तयार केला. त्याआधीचे पुष्कळ रंग सुतावर धरण्यासाठी आधी तुरटीसारखे बंधक लावावे लागे. हा रंग बंधकाशिवाय थेट कापसावर चढत होता, म्हणून गिरण्यांत त्याला मोठी मागणी आली. बर्लिनमध्ये त्या काळी आफ्रिकेतल्या काँगो प्रदेशाविषयी राष्ट्रांची परिषद भरली होती आणि वर्तमानपत्रांत ते नाव गाजत होते, त्यावरून रंगालाही तेच नाव पडले. आम्ल लागले की तो लाल सोडून निळा होतो, त्यामुळे कापडात पुढे तो मागे पडला. अमायलॉइड हे नाव त्याहून जुने आहे: रुडॉल्फ व्हिर्चो यांनी १८५४ साली आयोडीन लावून पाहिले, स्टार्चसारखा रंग आला म्हणून त्याला स्टार्चसदृश म्हटले. पाचच वर्षांत तो पदार्थ प्रथिनांचा आहे हे कळले, तरी नाव तसेच राहिले. १९२२ मध्ये बेनहोल्ड यांनी काँगो रेड अमायलॉइडला धरतो हे दाखवले आणि १९२७ मध्ये बेल्जियमच्या दिव्री यांनी ध्रुवीकृत प्रकाशातली ती हिरवी झाक नोंदवली. तंतूंची रचना इतकी शिस्तीत असते की रंगाचे रेणूही त्यांच्या बाजूने ओळीत बसतात, आणि त्या ओळींमधून जाताना प्रकाश बदलतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ते तंतू प्रत्यक्ष दिसले ते १९५९ साली.

दुपारी दोघे आले. मी चूक कबूल केली आणि सुधारित रिपोर्ट हाती दिला. त्यांना रागावण्याचा पूर्ण हक्क होता. पत्नी गप्प बसून राहिल्या. पेशंट मात्र रिपोर्टकडे न पाहता त्या स्लाइडकडे पाहत होते, कारण मी बोलता बोलता रंगाचे नाव घेतले होते. तीस वर्षे इचलकरंजीत कापडाच्या प्रोसेसमध्ये रंगखात्यावर काढलेला माणूस होता तो. त्यांनी विचारले, "रंगात मीठ टाकता काय?"

मी चकित झाले, कारण टाकतो. पुख्टलर यांनी १९६२ साली सुचवलेली जी पद्धत आम्ही वापरतो, तिच्यात अल्कोहोल मिठाने संपृक्त करून घ्यावे लागते, म्हणजे रंग भलत्या ठिकाणी चढत नाही. कापडाच्या टाकीत मीठ टाकतात ते रंग पाण्यातून सुतावर ढकलला जावा म्हणून, त्यामुळे हेतू थोडा वेगळा आहे. पण तोच हा रंग आणि तेच मीठ. मी त्यांना आत नेले, खुर्चीवर बसवले आणि सूक्ष्मदर्शकातून त्यांच्याच मूत्रपिंडातला तो हिरवा रंग दाखवला. पेशंटला स्लाइड दाखवायची आपल्याकडे रीत नाही. ती असावी असे मला तेव्हापासून वाटते. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "समदीकडं लावलाय, पण बाकीच्यानं सोडलाय. हितंच धरलाय." कोणत्याही पाठ्यपुस्तकातल्या वर्णनापेक्षा हे कमी अचूक नव्हते.

अमायलॉइड आहे एवढ्याने मात्र निदान पुरे होत नाही. ते कोणत्या प्रथिनाचे आहे हे ठरवावेच लागते, कारण उपचार त्यावर आणि फक्त त्यावर अवलंबून असतात. क्षयरोग, संधिवात असे आजार बरीच वर्षे राहिले की एका प्रकारचे अमायलॉइड साचते आणि आपल्या देशात क्षयामुळे ते आजही आढळते. तिथे मूळ रोग आटोक्यात आणणे हाच उपाय असतो. अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशी एकाच प्रकारची लाइट चेन, म्हणजे प्रतिपिंडाचा छोटा भाग, तयार करत सुटल्या की दुसरा प्रकार होतो आणि त्याला केमोथेरपी लागते. पहिल्या प्रकाराला दुसऱ्याचे औषध दिले तर माणूस औषधानेच खचेल. त्यांच्या रक्तात लॅम्डा लाइट चेन फार वाढलेली निघाली आणि मज्जेच्या तपासणीने ते पक्के झाले. छेदातले प्रथिन थेट ओळखणारी मास स्पेक्ट्रोमेट्री देशात थोड्याच ठिकाणी होते, त्यामुळे कोल्हापूरच्या पेशंटचा ब्लॉक, रिपोर्ट आणि आशा तिन्ही कुरिअरने दूर जातात.

२०२१ साली केंद्र सरकारने दुर्मीळ आजारांचे राष्ट्रीय धोरण आणले, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयासारखी केंद्रे नेमली आणि धोरणात नमूद आजारांसाठी मदतीची मर्यादा पुढे पन्नास लाख रुपयांपर्यंत नेली. ही मोठी गोष्ट आहे. पण असे कोणतेही दार आजाराला नाव मिळाल्यावरच उघडते, आणि नाव मिळण्याआधीची जी दोन-तीन वर्षे गावातल्या दवाखान्यांत, व्हिटॅमिनच्या गोळ्यांत आणि मधुमेहाच्या पथ्यात जातात, त्यांचा खर्च त्या घरालाच सोसावा लागतो. मला यात यंत्रांची उणीव दुसऱ्या क्रमांकाची वाटते. काँगो रेड महाग नाही, दोन पोलरायझर महाग नाहीत. उणीव आहे ती पेशंटच्या साऱ्या तक्रारी एकत्र मांडून तुकड्यासोबत पाठवण्याची, आणि त्या आल्या नाहीत तर फोन उचलून विचारण्याची. पहिले काम डॉक्टरांचे आहे, दुसरे माझे होते.

त्यांचा उपचार मुंबईत झाला. बोर्टेझोमिब या प्लाझ्मा पेशींवरच्या औषधाची इंजेक्शने इचलकरंजीहून ये-जा करून घेतली, लाइट चेन उतरली, लघवीतून जाणारी प्रथिने वर्षभराने निम्म्यावर आली. हृदयात मात्र थोडे अमायलॉइड आधीच साचलेले होते. ते साडेचार वर्षे जगले. त्या एकोणीस दिवसांनी काय फरक पडला असता, याचा हिशेब मी पुष्कळ वेळा मांडून पाहिला आहे.

गेल्या आठवड्यात एक मुलगा वडिलांच्या मनगटातला तुकडा घेऊन आला. हाताची नस दबली म्हणून ऑपरेशन झाले होते आणि नसेभोवतालचा थोडा पडदा काढून पाठवला होता. फॉर्मवर वय बहात्तर आणि "कार्पल टनेल" एवढेच होते. रकाना रिकामा होता. मी त्याला बाकावर बसवून विचारले, की एकाच हाताला त्रास होता की दोन्ही? दोन्ही, तो म्हणाला, दुसऱ्या हाताचे ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झाले. चालताना दम लागतो का? त्याने जरा आठवून सांगितले, की औंदा जोतिबाला जाताना पायऱ्यांवर तीनदा बसले, आधी कधी बसत नव्हते. मी ते सगळे फॉर्मवर लिहून घेतले आणि दुसऱ्या दिवशी ब्लॉक तयार झाल्यावर आत नेऊन दिला. मामांनी फॉर्म वाचला, काही विचारले नाही आणि मायक्रोटोमचा आकडा तीनवरून दहावर नेला.